एक जूनचं गणगोत

एक जून उजाडला की जालना जिल्ह्यातल्या मोबाइलांना सकाळपासूनच धाप लागते. केकच्या चित्रावर केकचं चित्र येऊन आदळतं. मंठ्याचे मामा, परतूरचे साडू, घनसावंगीचे बँकेतले साहेब, अंबडचे दोन व्याही, सगळ्यांचा वाढदिवस आजच. ज्याला शुभेच्छा द्याव्यात तो लगेच उलट शुभेच्छा देतो, कारण देणाराही एक जूनचाच असतो. शेवटी कुणीतरी शहाणा माणूस गटावर एकच संदेश टाकून मोकळा होतो : 'आज ज्यांचे ज्यांचे वाढदिवस असतील, त्या सर्वांना.'

इतक्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या कशा, असा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. इथल्याला पडत नाही. जन्म आईनं दिला आणि जन्मतारीख गुरुजींनी दिली, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

शाळा भरायची वेळ आली की गुरुजी पटासाठी गल्लोगल्ली फिरत. पोरगं सहा वर्षांचं झालं का, हे ठरवायची एक चाचणी होती. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताला लागला की पोरगं शिक्षणाला लायक. लांब हातांची पोरं वर्षभर आधीच शाळेत जाऊन बसत, आखूड हातांची आणखी एक उन्हाळा गोट्या खेळत. कान सापडला की दाखल-खारीज रजिस्टर उघडायचं.

"कधीचा जन्म, बाई?"

"पोळ्याच्या करीला झाला बघा, गुरुजी. दिवस मावळता मावळता."

"साल?"

"साल कुठलं ध्यानात राहतंय? दुष्काळात सुकडी वाटायचे न्हाई का, त्याच्या आदल्या पावसाळ्यातला हाय."

खरं तर माउलीनं सगळंच सांगितलं होतं. सुकडी वाटली ती १९७२च्या दुष्काळातल्या कामांवर. म्हणजे जन्मसाल १९७१, आणि पोळा श्रावणी अमावस्येला. जुनं पंचांग काढून कुणी दहा मिनिटं बसला असता तर तारीखच काय, घटकासुद्धा सापडली असती. पण गुरुजींच्या पुढ्यात चाळीस पोरं नाक ओढत उभी असायची. त्यांनी चालू सालातून सहा वजा केले आणि पुढे १ जून लिहून टाकलं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे पोरगं पहिल्या दिवशी बरोब्बर सहा पूर्ण. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. तपासणीला आलेल्या साहेबालाही बोट ठेवायला जागा नाही. पोळ्याला जन्मणारं पोर तीन महिने आधीच जगात येऊन बसलं, याची तक्रार कोण करणार?

गंमत व्हायची ती एकाच घरातल्या भावंडांची. थोरला १ जून १९६८, मधला १ जून १९७०, धाकटा १ जून १९७२. इतकं काटेकोर कुटुंबनियोजन सरकारी भिंतींवरच्या लाल त्रिकोणालाही जमलं नसेल. त्यातून एखाद्या भावाची खरी तारीख चुकून नोंदली गेली, तर कागदोपत्री दोन सख्ख्या भावांत सात महिन्यांचं अंतर पडे. लग्न ठरवताना मुलीकडचे मग शहाणपणानं विचारत, "पत्रिका खऱ्या तारखेवरून केली का दाखल्यावरच्या?"

त्याआधीच्या पिढीचं दुखणं वेगळंच. निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली. महिने आजूर, दै, बहमन, खुर्दाद असे. आजोबांचं वय काढायचं तर फसली सालात ५९० मिळवायचे आणि महिन्यासाठी गावातल्या मौलवींचं घर गाठायचं. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दस्तऐवज धुंडाळू लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. ज्या म्हाताऱ्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्यांना गाडी पाठवून नेऊ लागले.

बरं, एक जूनच्या मंडळींची संगत काही लेचीपेची नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, आणि त्याच दिवशी नर्गिसचाही जन्म. बरोबर वर्षानं, १ जून १९३० रोजी, मुंबई-पुण्याच्या दरम्यान डेक्कन क्वीन धावू लागली. ती आजही एवढी लाडाची की तिच्या वाढदिवसाला प्रवासी पुणे स्टेशनावर केक कापतात. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान पहिली एसटी निघाली. त्यापलीकडे बघावं तर मेरिलिन मन्रो १ जून १९२६ची. चोवीस तास बातम्या दळणारी सीएनएन वाहिनी १ जून १९८०ची. देवेगौडांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली १ जून १९९६ला. आणि आपल्या उरावर बसलेली ईस्ट इंडिया कंपनी १ जून १८७४ रोजी विसर्जित झाली. ३१ डिसेंबर १६००ची सनद धरली तर सेवा २७३ वर्षं. इतकी मुदतवाढ जिल्हा परिषदेतही कुणाला मिळालेली नाही.

ही यादी नीट पाहिली तर संशय येतो. यात नर्गिस आणि मेरिलिन या दोघीच प्रामाणिकपणे जन्मलेल्या. बाकीच्यांची तारीख कुणीतरी बसून लिहिलेली आहे. महिन्याची पहिली तारीख हिशेबाला बरी, पगाराला बरी, लक्षात ठेवायला बरी. इतिहासालाही कुठेतरी गुरुजी असणारच.

एसटीचा वर्धापनदिन एक जूनला जालन्याच्या बसस्थानकावरही साजरा होतो. पण पहिली एसटी सुटली, तेव्हा जालना एसटीच्या राज्यातच नव्हतं. ते निजामाचं होतं. हैदराबाद संस्थान भारतात आलं सप्टेंबर १९४८मध्ये, एसटीनंतर साडेतीन महिन्यांनी. मात्र निजामाच्या रेल्वेनं १९३२ सालीच २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. म्हणजे पुणे-नगरकडे एसटीचं कौतुक सुरू झालं, त्याच्या सोळा वर्षं आधी निजामाच्या मुलुखात सरकारी कंडक्टर "पुढं सरका" म्हणून ओरडत होता. पुढे १९६१मध्ये महामंडळ झालं, मराठवाड्याची सेवा त्यात मिसळली, आणि एक जून हा वाढदिवसही घरजावयासारखा जालन्याला येऊन राहिला.

जालना जिल्ह्याची स्वतःची जन्मतारीख तरी कुणी विचार करून लिहिली असेल, असं वाटेल. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. औरंगाबाद आणि परभणीतून तालुके काढून तो बनवला. त्याच दिवशी तिकडे कोकणात सिंधुदुर्गही झाला. १ मे म्हणजे १९६०चा महाराष्ट्र, आणि त्याच दिवशी जन्मलेला गुजरात. शिवाय शिकागोच्या १८८६च्या संपापासून जगभरच्या कामगारांचा दिवस. पुढे १९९९ला हिंगोली आणि गोंदिया झाले, तेही १ मेलाच. मंत्रालयातल्या गुरुजींनीही डोक्याला फार ताण दिलेला नाही. परिणाम असा, की 'जालना सोन्याचा पालना' म्हणणाऱ्या गावात जिल्ह्याचा वाढदिवस कुणाच्या ध्यानीमनी नसतो. झेंडावंदन होतं ते महाराष्ट्राचं, सुट्टी मिळते ती कामगारांच्या नावानं, आणि सळईच्या कारखान्यांतला कामगार त्या दिवशी झोप काढतो.

एक जूनची खरी मजा नोकरीच्या शेवटी येते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून ३१ मेच्या संध्याकाळी शाळाशाळांत, पंचायत समित्यांत, तहसिलींत एकदमच निरोप समारंभ. शाली संपतात, नारळ महागतात. अध्यक्षस्थानी बसवायला साहेब मिळत नाही, कारण साहेबही आजच निवृत्त. भाषण करणारा आपल्याच सत्काराला उशीर होतोय म्हणून मधूनमधून घड्याळ बघतो. त्यात गुरुजीही असतात, ज्यांची तारीख त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली असते.

आणि हा दंडक माणसांपुरता राहिलेला नाही. जालना बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथंच महिको उभी केली, आणि १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. अलीकडच्या काही हंगामांत कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला १ जूनपासूनच विकायचं, असं कृषी खात्यानं ठरवून दिलं. आगाप लागवड झाली नाही तर गुलाबी बोंडअळीची साखळी तुटते, हे त्यामागचं कारण. थोडक्यात, बोंडअळीलाही एक जूनची वाट बघायला लावली.

जगात ही सोय अनेकांनी करून घेतली आहे. उत्तर गोलार्धातल्या शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी, ऑस्ट्रेलियातल्यांचा १ ऑगस्ट, मग शिंगरू कधीही होवो. दक्षिण कोरियात २०२३पर्यंत सगळा देश १ जानेवारीला एकदम वर्षानं मोठा होत असे. आपल्याकडे आधार कार्डवाल्यांनी नुसतं वय सांगणाऱ्यांना १ जानेवारी देऊन टाकली. त्यामुळे दाखल्यावर जूनमध्ये, आधारवर जानेवारीत आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे पोळ्याला जन्मलेली माणसं जालन्यात सेतू केंद्राच्या रांगेत उभी दिसतात.

१ ऑक्टोबर २०२३पासून मात्र नव्यानं जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखलाच ग्राह्य, असा कायदा लागू झाला. दवाखान्यातच नोंद होते, तीही वेळेसकट. गुरुजींची लेखणी बंद पडली. पण म्हणून तारखा आपोआप पडतात, असंही नाही. २२ जानेवारी २०२४ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती, तेव्हा कानपूरसारख्या ठिकाणी अनेक गरोदर बायकांनी डॉक्टरांना त्याच दिवसाचं सिझेरियन मागितलं. ही पोरं २०३०मध्ये पहिलीत येतील. वर्गात निम्मे राम आणि उरलेल्या जानकी. बाईंना हजेरी घ्यायची तर आडनावावरच भागवावं लागेल.