उणा महिना

अधिक महिना सगळ्यांना ठाऊक आहे. जावयाला तेहेतीस अनारसे, वर दिवा आणि ताट, आणि सासऱ्याच्या खिशाला धोंडा. पंचांगकर्त्यांनी महिना वाढवायची सोय केली. खर्च उणा करायची मात्र कुणालाच सुचली नाही. ही उणीव मी गेल्या महिन्याच्या एक तारखेला, सकाळी साडेसात वाजता, दुसरा चहा पिता पिता भरून काढली. "आजपासून तीस दिवस," मी जाहीर केलं, "या घरात एक रुपयाही अनावश्यक खर्च होणार नाही. हे चॅलेंज आहे."

"कुणाला?" हिनं पोळी उलटत विचारलं.

"आपल्याला."

मराठीत 'आपण' हे सर्वनाम फार सोयीचं आहे. 'आपण एकदा माळा आवरायला हवा' असं म्हणून नवरा पेपर उघडतो आणि बायको स्टूल शोधायला लागते. हिला हे लग्नापासून माहीत असल्यामुळे तिनं पुढे काही विचारलं नाही. फक्त माझ्या हातातल्या दुसऱ्या चहाकडे एकदा बघितलं.

मग आवश्यक काय आणि अनावश्यक काय, याची यादी झाली. पेपर आवश्यक, कारण त्यात हे सदर छापून येतं. शिवाय महिन्याअखेर त्याची रद्दी होते, म्हणजे तो खर्च नसून ठेव आहे. ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा आवश्यक, कारण कामाच्या निम्म्या गोष्टी तिथंच ठरतात. लोकलचा फर्स्ट क्लासचा पास आधीच काढलेला होता, आणि झालेला खर्च हा खर्च नसतो. आईची शनिवारची रुईच्या पानांची माळ मारुतीची. देवाच्या यादीत हात घालायची माझी छाती झाली नाही. चिरंजीवांचं इंटरनेट बंद केलं असतं तर चिरंजीव दिवसभर घरात बोलत बसले असते, म्हणून तेही आवश्यक. उरला हिचा शुक्रवारचा गजरा. वीस रुपये. अनावश्यक.

"ठीक आहे," ही म्हणाली.

काटकसर शिस्तीत करायची तर हिशेब हवा. १९०४ साली जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी बायकांसाठी घरखर्चाची वही काढली, काकेइबो तिचं नाव. आज त्या नावानं विकल्या जाणाऱ्या वह्यांत खर्चाला चार कप्पे असतात: गरजेचा, हौसेचा, संस्कृतीचा आणि अचानक उपटलेला. मी ती वही मागवली. ५४९ रुपये. किंमत वाचून हिनं कपाटातून स्वतःची वही आणून माझ्यापुढे ठेवली: विम्याचा एजंट दर जानेवारीत फुकट देतो ती डायरी. अशा बावीस डायऱ्या तिच्याकडे आहेत. पण त्यांत कप्पे नाहीत, शिवाय त्या जपानी नाहीत. जोडीला एक ॲप घेतलं, खर्च झाला की टिंग वाजवणारं. त्याचे २९९. सुटं धान्य स्वस्त पडतं असं कळल्यावर ते भरायला काचेच्या बारा बरण्या आणल्या, एकीला ८० प्रमाणे. स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात कॉफीच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांची अख्खी पलटण उभी असते, हे मला बरण्या ठेवायला जागा शोधताना समजलं. स्टेशनपर्यंतची रिक्षा वाचावी म्हणून जुनी सायकल दुरुस्त केली, ८५०. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. सायकल आता जिन्याखाली आहे आणि तिच्यावर सोसायटीतलं एक मांजर झोपतं.

भाजीचं खातं मी स्वतःकडे घेतलं. हिनं जपून ठेवलेली लग्नपत्रिकांची पाकिटं काढली, एकेकावर 'दूध', 'भाजी', 'किराणा' असं लिहिलं आणि त्यात रोकड भरली. पाकीट संपलं की खर्च संपला, अशी ती पद्धत. डोंबिवली स्टेशनाबाहेर संध्याकाळी जी भाजी बसते, तिथं 'भाजी' पाकिटातून पाचशेची नोट काढली तेव्हा भाजीवाल्या बाई हसल्या. "सुटे कुठनं आणू दादा? स्कॅन करा ना." मी तत्त्वाला धरून राहिलो. शेवटी सुट्यांचा प्रश्न सोडवायला पाच किलो टोमॅटो घेतले, १२० रुपयांना, कारण किलोमागे भाव उतरत होता. पहिल्या दिवशी टोमॅटोचं सार झालं. दुसऱ्या दिवशी चटणी. चौथ्या दिवशी आईनं ताटाकडे बघून, "आज उपास आहे माझा," असं सांगितलं. वार बुधवार होता.

त्याच बाईंकडून ही पाव किलो भेंडी घेते आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन मिरच्या, कढीपत्त्याचा डहाळा पिशवीत पडतो. न मागता. त्या बाईंच्या मुलीचं बाळंतपण कधी झालं, मुलगा झाला की मुलगी, हे हिला माहीत असतं. मी कोथिंबीर मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, जुडी वीसला आहे." मग कोथिंबीर घरीच लावायची ठरवली. दोन कुंड्या, कोकोपीट आणि निवडलेले धने मिळून ४१०. धने हलके रगडून दोन करायचे, रात्रभर भिजवायचे, मातीत फार खोल घालायचे नाहीत, हे सगळं शिकलो. अकरा काड्या आल्या. त्यातल्या सात कबुतरांनी खाल्ल्या.

दर सोमवारी रात्रीचं जेवण नाही, असंही मी जाहीर केलं होतं. त्यावर आई बोलली, आणि आई बोलली की पाच मिनिटांत संपत नाही. १९६५ साली ती दहा वर्षांची होती. धान्याची टंचाई, त्यात पाकिस्तानशी लढाई. तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. नगर जिल्ह्यातल्या तिच्या घरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटायची नाही आणि पोरं भाकरीच्या टोपलीभोवती घुटमळायची. "शास्त्रीजींनी आधी आपल्या घरात करून बघितलं म्हणतात," आई म्हणाली, "मग लोकांना सांगितलं." आणि माझ्याकडे बघून, "तू स्टेशनवर काय खाऊन आलास?"

दोन वडापाव. त्यांचे पैसे मी 'प्रवास' या सदरात घातले होते.

आई थांबली नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची, खडी फोडायला जायची. कामावर सुकडी वाटायचे, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला लोक मिलो म्हणायचे. भाकरी धड थापली जायची नाही. त्याच सुमाराला माझी आत्या गिरगावात राहायची आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या लाटणं मोर्चाला गेली होती, हे मात्र मी पहिल्यांदा ऐकलं. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात थाळी, तेल आणि साखरेच्या भावांचा जाब मागत. "ती लाटणं घेऊन बाहेर पडली तेव्हा तुझे काका दारात उभे राहून विचारत होते, पोळ्या झाल्या का म्हणून," आई म्हणाली. ही खळखळून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण एवढं लक्षात आलं की त्या बायकांनी चॅलेंज स्वतःला दिलं नव्हतं. मंत्र्यांना दिलं होतं.

आता विजेकडे वळू, कारण उण्या महिन्याचा खरा पुरुषार्थ तिथं आहे. बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि १०१ पासूनचा दुपटीहून चढा. आमचं घर महिन्याला १४० च्या आसपास जातं. म्हणजे १०० च्या आत राहणं ही नुसती बचत नाही, मोहीम आहे. मी रोज रात्री जिन्याखालच्या मीटरच्या पेटीसमोर मोबाइलचा उजेड पाडून उभा राहू लागलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. जितकी वीज जास्त तितका तो घाई करतो. घरात गीझर लागला की इथं त्याला धाप लागते. मी खालून वर फोन करायचो: "आता काय लावलं?" पहिले दोन दिवस उत्तर यायचं, नंतर नुसती रिंग जायची. वॉचमननं मला मीटर चोरायला आलेला समजून दोनदा हटकलं. चिरंजीव लॅपटॉप चार्ज करायला मित्राकडे जाऊ लागले आणि तिथंच जेवू लागले. ही बचत मी हिशेबात धरली. फ्रीज रात्री बंद ठेवावा, असा माझा प्रस्ताव होता. ही म्हणाली, "दुधाला चॅलेंज कळत नाही." पंखा एकवर ठेवून आम्ही ऑक्टोबरच्या उकाड्यात झोपलो. म्हणजे मी झोपलो. ही पहाटेपर्यंत बाल्कनीत होती.

अठ्ठावीस तारखेला रीडिंग ९७. मी वर येऊन हे दारातूनच ओरडून सांगितलं. ही लसूण सोलत होती. "पण रीडिंग घ्यायला माणूस बारा तारखेला येतो," ती म्हणाली. "एक ते अकराचं आधीच्या बिलात गेलं. बाकीचं पुढच्या बिलात, तिथं अजून पंधरा दिवस आहेत." मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. "आणि," ती पाकळी सोलत म्हणाली, "चार युनिट वर गेली तर फक्त त्या चारांना चढा दर लागतो, सगळ्यांना नाही. पन्नास रुपयेसुद्धा नाहीत होत. बिल मी भरते ना दर महिन्याला."

कामवाल्या बाईंना महिनाभर सुट्टी द्यावी, हीही माझीच कल्पना. भांडी 'आपण' घासू. दोन दिवस मी घासली. तिसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्या आल्या, ओट्याची अवस्था बघितली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दादा, या दोन दिवसांचा पगार कापणार का? नाही, आधी सांगा. माझा पण महिना बसवायचा असतो." त्यांचा महिना कसा बसतो हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी ते कधी चॅलेंज म्हणून जाहीरही केलेलं नाही.

जाहीर होण्यावरून आठवलं. या घरातली काटकसर आजवर एकदाच उघड झाली आहे, तीही पंतप्रधानांना दूरदर्शनवर यावं लागलं म्हणून. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठ. पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत. मी काळ्या पैशावर भाषण करत होतो, अगदी रंगात आलो होतो. आई उठली, तुरीच्या डाळीचा डबा आणला, डाळ परातीत ओतली आणि तळाची प्लॅस्टिकची पिशवी काढली: साडेअकरा हजार. पाठोपाठ ही बेडरूममधून आली, पैठणीच्या घडीतून काढलेले आठ हजार घेऊन. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या एकमेकींचे डबे बघून चिडतील. उलट आईनं विचारलं, "तू पैठणीत ठेवतेस? कसर लागते गं." त्यानंतर बँकेच्या रांगेत दोन दिवस मी उभा होतो, आणि माझ्या पुढेमागे माझ्यासारखेच नवरे, बायकांच्या नोटा हातात घेऊन. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता: आपण एवढे पैसे दिले कधी, आणि यांनी वाचवले कशातून?

त्या दिवसापासून डाळीच्या डब्यात काही नसतं, असं मला सांगण्यात आलं आहे.

तर महिना संपला. एकतीस तारखेला नाही, तीसलाच संपवला. शेवटच्या दिवशी सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटक होतं आणि तिकिटं 'संस्कृती' या कप्प्यात बसत होती. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता मी हिशेब सांगितला. रिक्षा, इस्त्री, चार सोमवारची जेवणं, चिरंजीवांची मित्राकडची जेवणं, आणि चार शुक्रवारच्या गजऱ्यांचे ८०, असे एकूण १,९४० रुपये वाचले. काकेइबो वहीत ते लाल शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ही "छान" म्हणाली आणि माझ्या बशीतली चटणी घेतली.

दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर लावायचा होता, म्हणून तिची डायरी उघडली. महिन्याच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात खर्च एकाखाली एक होते. दूध १,८६०. आईंची औषधं १,१२०. बाई २,५००. ह्यांचं चॅलेंज ३,१८८. तो आकडा मी वही, बरण्या, ॲप, सायकल, कुंड्या, टोमॅटो असा दोनदा जुळवून बघितला. एका रुपयाचाही फरक नव्हता.

त्याखाली आणखी एक ओळ होती. गजरे, चार शुक्रवार, ८०.

म्हणजे चारही शुक्रवारी ती गजरा माळून माझ्यासमोर वावरत होती.