खजिनदारांचा डीव्हीआर

हाउसिंग सोसायटीत अध्यक्ष बदलतात, सेक्रेटरी वैतागून राजीनामा देतात. खजिनदार मात्र तोच राहतो. बहुधा बँकेतून निवृत्त झालेला. खिशाला दोन पेनं : निळं स्वतःसाठी, लाल दुसऱ्यांच्या बिलांसाठी.

आमच्या सोसायटीच्या चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद पडला, तेव्हा खजिनदारांनी आधी पाच कोटेशनं मागवली. कोटेशन हे खरेदीसाठी नसतं, ती फुकटची शिकवणी असते, असं त्यांचं मत. महिन्याभरात ते एवढे तयार झाले, की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानदारच त्यांना शंका विचारू लागला. मी साक्षीदार म्हणून बरोबर होतो.

"काका, एनव्हीआर घ्या. आयपी कॅमेरे लावू. एकाच केबलमधून चित्रही येतं आणि वीजही जाते."

"आणि भिंतीतल्या जुन्या कोॲक्सियल वायरवर काय कपडे वाळत घालू?"

मग जुन्याच वायरवर चालणारा डीव्हीआर ठरला.

"मग आठ चॅनेलचा घ्या. उद्या कॅमेरे वाढले तर?"

"घरात माणसं चार, मग ताटं आठ कशाला? उद्याचं उद्याची कमिटी बघेल." उद्याच्या कमिटीतही हेच असणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

खरा पेच पुढे आला. खोक्यात हार्ड डिस्क नव्हती. ती वेगळी घ्यायची म्हणे. "म्हणजे शहाळं तुमच्याकडून घ्यायचं, आणि पाणी कुठल्या दुकानातून?" दुकानदारानं समजावलं, की डीव्हीआरला खास पाळतीसाठी बनवलेली डिस्क लागते, कारण तिला चोवीस तास लिहीत बसावं लागतं, कॉम्प्युटरची साधी डिस्क तेवढा दम धरत नाही. शिवाय एच.२६५ हे सेटिंग चालू केलं, की एच.२६४च्या जवळजवळ निम्म्या जागेत तेवढंच चित्र मावतं. एक टीबीची डिस्क घेतली तर चार कॅमेऱ्यांचं बावीस-तेवीस दिवसांचं रेकॉर्डिंग सहज राहील.

यातलं 'निम्म्या जागेत' एवढंच खजिनदारांच्या कानात शिरलं. "निम्मी जागा पुरते ना? मग पाचशे जीबी बास!" आणि पाचशे जीबीची डिस्क त्यांच्या नातवाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतीच. दम धरण्याबद्दल म्हणाल, तर "पोरगा रात्र-रात्र गेम खेळायचा, डिस्कला जागरणाची सवय आहे."

रेकॉर्डर जोडायला आलेल्या मुलानं कारखान्याचा पासवर्ड बदलायला सांगितलं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरनं असे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, हेही सांगितलं. खजिनदार गंभीर झाले. विचार करून त्यांनी सोसायटीचा नोंदणी क्रमांक हाच पासवर्ड ठेवला. विसरायला नको म्हणून. आणि विसरलाच, तर तो गेटवरच्या पाटीवर आहेच.

दोन महिने सुखात गेले. मग बी-विंगमधल्या जोश्यांची सायकल गेली. जोशी त्याच दिवशी फुटेज मागायला आले. खजिनदारांनी लेखी अर्ज मागितला, दोन प्रतींत. अर्ज मासिक सभेपुढे आला तो चोविसाव्या दिवशी. सर्वानुमते मंजूर झाला. सगळे वॉचमनच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं उभे राहिले. पडद्यावर गेल्या अकरा दिवसांतली सगळी मांजरं स्वच्छ दिसली. त्याच्या आधीचं काही नव्हतं. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावरच नवं लिहितो.

"मोठी डिस्क घेतली असती तर..." जोशी पुटपुटले.

"मोठी घेतली असती तरी तेवीस दिवस. आज चोविसावा," खजिनदार म्हणाले. ही आकडेमोड त्यांनी आधीच करून ठेवली होती.

"मग सभा दर दहा दिवसांनी घ्या!"

"महिन्याला तीन सभा म्हणजे तीनदा चहा, तीनदा बिस्किटं. वर्षाचं धरलं तर त्यात नवी डिस्क येते."

"मग डिस्क घ्या ना!"

खजिनदारांनी लाल पेन काढलं. "सायकल केव्हाची?"

"२०११ ची."

त्यांनी कागदावर वर्षं मांडली, दरसाल घसारा वजा केला, खाली दुहेरी रेघ मारली आणि चष्मा काढून जोश्यांकडे बघितलं. "किंमत शून्य."

त्या सभेच्या इतिवृत्तात आजही वाचायला मिळतं : चोरी — निरंक.