आमच्या ऑफिसात वायरी ओढून गेलेल्या कलावंतास



दादा, आपण केबल ओढलीत, टेस्टरचे एक ते आठ दिवे ओळीने लावून दाखवलेत आणि ॲडव्हान्स घेऊन गेलात. दिवे लागले, मान्य. पिंगही जायचं. पण जरा मोठी फाइल पाठवली की मान टाकायची. आम्ही आधी इंटरनेट कंपनीला शिव्या घातल्या, मग स्विचला, मग अकाउंटंटच्या बिचाऱ्या पीसीला. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एररचा आकडा वाढताना दिसला, तेव्हा कुठे आपला आरजे-४५ डोळ्यांसमोर धरला.

काय ती रंगसंगती! नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. लग्नाच्या पंगतीत नवरा-बायको शेजारी बसवावेत तशा. दुर्दैवाने इथरनेटला ३ आणि ६ या पिनांवर एकच जोडी लागते. ४-५ वर निळी, आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना. आपण तिसरीवर हिरवीतली तार बसवलीत आणि सहावीवर निळीतली. ज्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून आहेत, त्यांच्यावरूनच सिग्नल गेला तर आजूबाजूचा गोंगाट कटतो. तो पीळ केबल बनवणाऱ्याने हौसेखातर घातलेला नाही. आणि आपला टेस्टर? तार सलग आहे, एवढंच त्याला कळतं. दोन्ही टोकांना तीच चूक केली की तो खूश.

एवढ्यावर थांबाल तर कलावंत कसले! कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला आपण पत्ता दिलात १९२.१६८.१.१. तो राउटरचा होता हो. मग ‘गेटवे कोण?’ असं पीसीने विचारलं की कधी राउटर ‘मी’ म्हणायचा, कधी डीव्हीआर. ज्या पीसीने डीव्हीआरचं ऐकलं, त्याचं नेट गेलं. शेजारच्या टेबलावर मात्र सुरळीत. त्यावरून ऑफिसात भांडणं झाली, ती वेगळी. शेवटी बंद पडलेल्या पीसीवर एआरपीचा तक्ता काढला. गेटवेच्या मॅक ॲड्रेसचा पहिला अर्धा भाग कॅमेरा कंपनीचा निघाला. डीव्हीआरची वायर उपटली आणि नेट परत आलं.

राउटर जे पत्ते वाटतो, त्यांच्या बाहेरचा पत्ता आता डीव्हीआरला दिला आहे. वायरींची टोकं मात्र आपली वाट पाहत आहेत. येताना क्रिंपिंग टूल आणा, रंगांच्या क्रमाचा छापील कागद आणा. सगळी टोकं कापून नव्याने मारल्याशिवाय उरलेल्या बिलाचा चेक निघणार नाही.

आपला,
ऑफिसातला ‘नेट बघणारा’