चाक धुवावे नेटके

रविवारी सकाळी गारगोटीतल्या कुठल्याही गल्लीत जा. एक बादली, तिच्याशेजारी उकिडवा बसलेला तरुण आणि पुढ्यात मेन स्टँडवर चढवलेली स्प्लेंडर. आईने तासाभरापूर्वी सांगितलेलं दळण अजून उंबऱ्यातच. त्या तरुणाच्या जागी तुम्हाला बसायचं असेल, तर हे धडे.

१. साहित्य जमवा. बादली, शाम्पूची पुडी (शक्यतो बहिणीची) आणि जुना टूथब्रश. जुना नसेल तर घरातल्या कुणाचा तरी जुना झाला असं जाहीर करा. पूर्वी रेशनचं रॉकेल असायचं, आता डिझेल लागतं. त्यासाठी पंपावर जाऊ नका. भावकीत कुणाचा तरी ट्रॅक्टर असतोच. डिझेलने टायरचं रबर फुगतं, असं मेकॅनिक म्हणतात. त्यांना चकाकीतलं काय कळतंय!

२. चिखलाची जात ओळखा. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून रस्त्यावर आणलेला काळा चिखल वाळला की खपल्यांनी निघतो. पाटगावच्या बाजूची तांबडी माती मात्र हबच्या सांदीत जाऊन बसते आणि चुगली करते. कोल्हापूरला क्लासला जातो असं सांगून त्याच बाजूच्या रांगणा किल्ल्यावर जाऊन आला असाल, तर आधी चाक धुवा, मग घरात चहा मागा.

३. तारा घासा. एका चाकात ३६, दोन्हींत मिळून ७२. मधे कुणी हाक मारली तर मोजणी पहिल्यापासून. अलॉय व्हीलवाल्यांना पाच-सहा दांडकी पुसायची असतात. त्यांनी या धड्याला बसू नये, उगाच न्यूनगंड येतो.

४. डाग निघत नसेल तर भांड्यांची तारेची घासणी घ्या. तिने क्रोम खरवडतं, क्रोम गेलं की गंज येतो आणि गंज काढायला पुन्हा तीच घासणी लागते. बेकारीच्या दिवसांत एवढं हक्काचं काम दुसरं कुठे मिळतं?

५. आळशी असाल तर इंजिन चालू करून गिअर टाका. मागचं चाक आपोआप फिरेल, तुम्ही फक्त फडकं धरायचं. सुरू करण्याआधी बोटं मोजून ठेवा, म्हणजे नंतर ताळा जुळवता येतो. साखळीत फडकं अडकलं की सोडून द्यावं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फडकं बाबांच्या नव्या बनियनचं असतं.

६. शेवटी ऑइलचा हात. टायरला लावा, रिमला लावा आणि नवशिके असाल तर डिस्कलाही लावा. डिस्क अशी लखलखेल की बघत राहाल. एस.टी. स्टँडपुढे ब्रेक दाबल्यावर गाडी तशीच पुढे जाईल तेव्हाही बघतच राहाल. घाबरू नका, समोर ओळखीचंच कुणी तरी असतं.

७. काही जाणकार गाडी थेट वेदगंगेत घालतात. पद्धत जुनीच आहे. बेंदराला बैल याच पाण्यात धुतले जायचे, अंग चोळून, शिंगं घासून. बैलाचं पोट पाण्यावर तवंग सोडत नसे, एवढाच फरक. शिवाय तो आपल्या पायांनी काठावर चढायचा. तुमची गाडी चारजणांना उचलावी लागेल, कारण ब्रेकच्या ड्रममध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी गेलेलं असेल. खालच्या गावच्या लोकांना तुमच्या डिझेलचा वास नळाला आला, तर त्यात तुमचा काय दोष? नदी पुढे वाहते, हा नदीचा स्वभाव.

८. आता मुख्य गुपित. चाक स्वच्छ राहण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे: ते फिरवू नका. कोल्हापूरला जायचंय? पन्नासएक किलोमीटर एस.टी.ने उभं राहून जा. बाजारात चालत जा. कुणी विचारलं, 'गाडी कुठाय रं?' तर सांगा, 'धुतलीया.' गारगोटीत एवढं कारण पुरतं. गाडीवर गोधडी टाका आणि खंडेनवमीला झेंडूचा हार घालण्यापुरती ती उघडा.

एवढं साधलं की नवशिकेपण संपलं. हात पुसा, दळण घेऊन पायीच गिरणीकडे निघा. परत याल तेव्हा गोधडी जमिनीवर पडलेली असेल, गाडी जागेवर नसेल आणि आई आतून सांगेल, "आबा दुधाची किटली अडकवून डेअरीला गेल्यात. मळ्याच्या वाटंनं."