सल्ला नको, तारीख सांगा

विद्यार्थ्यांनी चहा कमी प्यावा, नवा मोबाइल घेऊ नये, खर्चाची वही ठेवावी, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. या मंडळींनी महिन्याच्या पाच तारखेला धाराशिवातल्या एखाद्या मेसच्या दारात उभं राहावं. उमरगा, कळंब, परंड्याहून शिकायला आलेली पोरं तिथं काय बोलतात ते ऐकावं. "काकू, स्कॉलरशिप आली की सगळे एकदम देतो." हे बोलणारा पोरगा उधळा नसतो. त्याच्या हक्काचे पैसे अडकलेले असतात.

काटकसर ही मुलं घरूनच शिकून येतात. एका खोलीत चौघं राहतात, पीठ-डाळ गावाकडून आणतात, कुणाचा डबा सकाळच्या एसटीने येतो. त्यांना बचतीचे धडे देण्यात वेळ घालवू नका. त्यांचा खर्च वाढतो तो पैसा उशिरा आल्यामुळे. मेसची उधारी, मित्राकडची उसनवारी, मग व्याजाने काढलेले दोन-चार हजार. जानेवारीतला खर्च भागवायला जुलैत आलेले पैसे आल्या पावली देणेकऱ्यांकडे जातात.

स्वाधार योजनाच घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी ही योजना आहे, आणि ती चांगलीच आहे. २०१७च्या शासन निर्णयात जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला ४३ हजार रुपये ठरले: भोजनाचे २५ हजार, निवासाचे १२ हजार, निर्वाहाचे ६ हजार. भोजनाच्या रकमेला ३६५ ने भागा. दिवसाला ६८ रुपये. त्यात दोन वेळचं जेवण बसवणाऱ्या पोराला हिशेब शिकवायची गरज नाही. पण भूक रोज लागते आणि पैसे हप्त्याने येतात. हप्ता लांबला की सगळं गणित कोसळतं.

आता घरचं बघू. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांची खरी बँक दावणीला असते. उस्मानाबादी शेळी काटक, कमी चाऱ्यावर निभावणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीच्या जातीचं तेच राहिलं. पोराची फी म्हणजे बोकड, हे समीकरण मी कित्येक घरांत बघितलंय. पण बोकडाला चांगला भाव येतो बकरी ईदच्या आधी. २०२५ साली ईद ७ जूनला होती. कॉलेजची फी भरायची वेळ येते त्यानंतर, जुलै-ऑगस्टात. तेव्हा बाजार उतरलेला असतो. बाप घाईत असतो आणि जनावरं घेणाऱ्या हेड्याला ती घाई लांबूनच कळते. तो कमरेवर हात फिरवतो, नजरेनं वजन धरतो आणि आकडा सांगतो.

म्हणून शिकणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घरच्या या व्यवहारात लक्ष घाला. बोकड काट्यावर घाला, जिवंत वजनावर भाव करा. ईदच्या आधी विका आणि फीपुरते पैसे दोन महिने बँकेत वेगळे ठेवा. सगळी पुंजी गोठ्यातही ठेवू नका. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने किती जणांची जनावरं नेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून निघते, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. पदवीच्या पोराला त्यापेक्षा बँकेची वर्षभराची आरडी बरी.

एसटीचा पास काढायला आळस करू नका. विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रवास. तुळजापूरहून रोज धाराशिवला येणाऱ्यासाठी ही मोठी रक्कम होते.

आणि कमाई? नवरात्रात तुळजापुरातल्या दुकानांवर, लग्नसराईत वाढप्याचं, सोयाबीनच्या काढणीला रानात, काम करायला आपली पोरं लाजत नाहीत. अडचण अशी की सोयाबीनची काढणी आणि सत्र परीक्षेची तयारी एकाच सुमारास येतात. म्हणून काम कॉलेजच्या आवारात हवं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. श्रम करून शिकणारा पोरगा मान वर करून वर्गात बसला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात ग्रंथालय, प्रयोगशाळा, रोपवाटिका यांची कामं निघतात. ती मुलांना द्या आणि तासांची मजुरी दर आठवड्याला खात्यावर टाका. सत्र संपल्यावर मिळणारी मजुरी मेसच्या कामाची नाही.

कॉलेजात काम मिळालं नाही की पोरं भलत्याच्या नादी लागतात. ‘आधी पाच हजार भर, मग खाली माणसं जोड’ म्हणणारा सर गावोगाव फिरतोय. पोरांनो, २०२१च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार कंपनीला प्रवेश फी घेता येत नाही आणि पिरॅमिड योजनांना बंदी आहे. पैसे मागितले की उठून या. तो तुमचा वर्गमित्र असला तरी उठून या.

शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल आणखी एक. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते शाखेत जाऊन विचारा, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते. कागदात त्रुटी निघाली की अर्ज परत येतो. दर आठवड्याला लॉगिन करून बघा.

पण विद्यार्थ्याने आपलं काम चोख केल्यावर पुढे त्याच्या हाती काही उरत नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला थांबतो, मग खात्याच्या. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा आहे. मग इथल्या प्राचार्यांनी आणि समाज कल्याण खात्याने एवढं करावं: कॉलेजच्या सूचना फलकावर दर सोमवारी लिहावं, किती अर्ज आले, किती पुढे पाठवले, किती अडलेत आणि कुणाच्या टेबलावर. शेजारी पुढच्या हप्त्याची तारीख. या वर्षीच्या प्रवेशांपासूनच हे सुरू करा.