ड्राइव्हला राजपत्र गेलं नव्हतं

धाराशिवच्या गल्लीत कुणाचा मोबाइल नुसता गरम झाला तरी प्रस्तुत लेखकाला बोलावणं येतं आणि तोही देवीच्या मानकऱ्यासारखा डुलत जातो. काकूंच्या लग्नाची कॅसेट डिजिटल होऊन आली, तेव्हा तासाभराची ती 13 जीबीची फाइल अर्ध्याहून रिकाम्या ड्राइव्हमध्ये शिरेना. लेखक चारचौघांत नुसता 'हं' म्हणाला.

ड्राइव्ह फाइली साठवण्याच्या फॅट-32 पद्धतीची. जागा कितीही असो, 4 जीबीच्या वरची एक फाइल ती घेत नाही. एनटीएफएस पद्धतीची घेते. विंडोजमधली 'कन्व्हर्ट' ही आज्ञा आतलं काही न पुसता फॅटचं एनटीएफएस करते. परत फॅटवर यायचं तर मात्र सगळं पुसून फॉरमॅट.

इथं लेखकाला रेल्वे आठवली. त्याला कशावरूनही रेल्वेच आठवते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, अडीच फुटी रुळांवरून 1911 मध्ये लातूरला पोचली. पण येडशीवरून गेली आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद शहर, बाजूलाच राहिलं. जिल्ह्याचं ठिकाण, आणि गाडी धरायला येडशी! रुंदीकरणात मार्गच वळवला, तेव्हा कुठे 2007-08 च्या सुमाराला शहराला स्टेशन मिळालं. म्हणजे हे कन्व्हर्ट नव्हेच, चक्क फॉरमॅट...

"आमचं वऱ्हाड त्याच गाडीनं आलतं," काकू मधेच म्हणाल्या. "येडशीला उतरताना तुझे काका कसे ओरडायलेत बघ, ट्रंक राहिली म्हणून."

काका आता नाहीत. त्यांचा आवाज म्हणाल तर ती ट्रंकेची ओरड, तेवढीच. अशा फाइलचे 'चार तुकडे करून टाका ना' म्हणणाऱ्या भाच्यावर लेखक नको तेवढा खेकसला.

मग आज्ञा दिली. काम सुरू करण्याआधी ती ड्राइव्हचं सध्याचं नाव विचारते. लेखकानं ऐटीत 'धाराशिव' टाइप केलं. नाव चुकीचं आहे, असं उत्तर आलं. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, पुढे स्टेशनची पाटीही बदलली. या ड्राइव्हला मात्र कुणी राजपत्र पाठवलं नव्हतं. तिच्या लेखी ती अजून 'उस्मानाबाद'च. ते टाइप केल्यावर मुकाट कामाला लागली.

फाइल अखंड बसली. ड्राइव्ह काकूंच्या जुन्या टीव्हीला लावली, तर टीव्ही तिला ओळखेचना; त्याला फक्त फॅट-32 कळतं. लेखकानं हे सविस्तर समजावून सांगितलं.

"मग टीव्हीच कन्व्हर्ट कर की," काकू म्हणाल्या.