अजून बारसं चालू आहे

नात झाली त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर वेळ काढायला म्हणून मी 'टायटस ग्रोन' उघडली. मर्व्हिन पीकची १९४६ सालची ही कादंबरी. योगायोग असा, की तिथेही त्याच दिवशी बाळ जन्मलेलं: गॉर्मेनघास्ट नावाच्या अवाढव्य किल्ल्याचा ७७वा वारस. फ्ले नावाचा हडकुळा सेवक किल्ल्याच्या पार वरच्या दालनात पोचतो, तर तिथे एक गृहस्थ झोळीत पेंगतोय. दालनातल्या रंगीत लाकडी मूर्तींवरची धूळ झटकणं एवढंच त्याचं काम. मूर्ती बघायला वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही, म्हणून त्याचं झटकणं काही चुकत नाही. इकडे आमच्याकडे पेढे वाटून झाले, पाहुणे गेले, बाळंतिणीला घरी आणलं, आणि मी अजून त्या दालनातली धूळच बघत होते.

पीक मुळात चित्रकार. खिडकी दिसली की आधी तिच्यावरचा उजेड, मग उजेडातली धूळ, मग सावकाश खिडकी. मला आमच्या आजोळची माजघरातली कपाटं आठवायची. सुपारीचा अडकित्ता आणायला पाठवलं की मी तासाभरानं परतायची, हातात अडकित्ता सोडून बाकी सगळं. या पुस्तकात तशीच वाट चुकायची. एका संध्याकाळी दीड पान झालं तर मी स्वतःवर खूश असे. जावई अधूनमधून चौकशी करायचे, "आई, संपलं का पुस्तक?" घरी पाळणा हलवून, नाव ठेवून तीन महिने उलटले होते. मी सांगितलं, "नाही हो, अजून बारसं चालू आहे."

आणि ते बारसं! किल्ल्यात सगळं जाड पोथ्यांत लिहिल्याबरहुकूम चालतं; का, ते कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या एका थोरल्या काकूंना मोदक एकवीसच का, असं विचारल्यावर त्या ज्या नजरेनं बघायच्या, त्या नजरेची अख्खी कादंबरी आहे ही. तर त्या विधीत बाळाला पोथीच्या पानांत ठेवतात, म्हातारा विधिकार त्याला खाली पाडतो, आणि पडता पडता बाळ पवित्र पानाचा कोपरा फाडून नेतं. ते वाचून मी चष्मा काढून हसले. पुढे आठव्या महिन्यात आमची बाई रांगत आली आणि तिनं माझ्या प्रतीचा कोपरा टरकावला. फ्लेनं पानभर चालायला घेतलं होतं, नेमकं ते पान. तिच्या तोंडातून तो लगदा काढताना मला रागवायला हवं होतं. पण इतक्या शास्त्रोक्त अपराधाला काय बोलणार?

फ्लेची एक गंमत सांगायची राहिली. चालताना त्याचे गुडघे कटकट वाजतात, दर पावलाला. रात्री पाणी प्यायला उठले की स्वयंपाकघराच्या वाटेवर तोच आवाज यायचा आणि मी क्षणभर दचकायची. मग लक्षात यायचं, की हे पुस्तकातलं नव्हे. पुढे शत्रूचा माग काढताना तो गुडघ्यांना चिंध्या गुंडाळतो, आवाज दबावा म्हणून. मी करून पाहिलं. मला तरी गुण आला नाही.

पहिला भाग संपतो तेव्हा एवढ्या जाडजूड पुस्तकाचा नायक जेमतेम वर्षाच्या पुढे गेलेला असतो. माझ्या वाचण्याचा वेगही तोच निघाला. शेवटचं पान मिटलं तेव्हा नात भिंतीला धरून चालत होती. दुसरा भाग आणून ठेवलाय. तो उघडतो तेव्हा टायटस एकदम सात वर्षांचा आहे. नात अजून दीडचीसुद्धा नाही. थांबायला माझी काही हरकत नाही. गुडघ्यांना अजून विचारलेलं नाही.